पूर्ण नाव सांगायलाच हवं का?

मी तरवड. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, एका निमसरकारी कार्यालयात हिशेबाचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या माळावर जाऊन तिथलं गवत, पाखरं, किडेमुंग्या यांच्याबद्दल लिहिते. हे लिहिणं हौसेचं आहे. त्याचे पैसे मिळत नाहीत आणि मी कधी मागितलेही नाहीत. इंटरनेटवर माझी ओळख एवढीच, आणि गेली अकरा वर्षं ती बदललेली नाही. फोटोच्या जागी तरवडाच्या पिवळ्या फुलांचा घोस आहे. आमच्याकडे मुरमाड पडीक रानात, रस्त्याच्या कडेला हे झुडूप आपसूक येतं. गुरं-शेळ्या त्याला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून चरून बोडक्या झालेल्या माळावरही तेवढंच हिरवं दिसतं. पूर्वी त्याची साल कातडी कमवायला नेत. मला ते लहानपणापासून आवडतं, म्हणून ते नाव घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात मी धाविक पक्ष्याबद्दल लिहिलं होतं. हा पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालतो, आणि ती अशी मातीच्या रंगाची असतात की दोन पावलांवर उभं राहूनही दिसत नाहीत. लेख वाचून एका वाचकांचा निरोप आला. निवृत्त शिक्षक, भाषा जुन्या वळणाची, फार आपुलकीनं लिहिलेला निरोप. त्यांच्या लहानपणी माळावर हे पक्षी कसे दिसायचे ते त्यांनी सविस्तर कळवलं होतं. शेवटी एक ओळ होती: ‘आपलं पूर्ण नाव कळेल का?’ मी लिहिलं, ‘तरवड एवढंच लिहिते, सर.’ त्यावर त्यांचं उत्तर आलं: ‘ते झालं हो. पण आपण कोणापैकी?’

‘कोणापैकी’ म्हणजे काय, हे मराठी वाचणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्या गृहस्थांच्या मनात काही वाईट होतं असं मला अजिबात वाटत नाही. एसटीत शेजारी बसलेला माणूसही गाव विचारतो, मग आडनाव विचारतो, मग ‘म्हणजे तुम्ही अमक्यातले का’ असं विचारून निवांत होतो. समोरचा माणूस कुठल्या कप्प्यात ठेवायचा हे एकदा कळलं की आपल्याला बोलायला सोपं जातं. पण धाविकाची अंडी मातीच्या रंगाची असतात ही गोष्ट माझ्या आडनावानं बदलत नाही. आडनाव कळल्यावर त्या लेखाचं वाचन मात्र बदलतं, आणि मला तेच नको आहे.

हा माझ्या एकटीच्या आवडीनिवडीचा प्रश्न असता तर त्यावर मी एवढं लिहिलं नसतं. पण समाजमाध्यमांवरच्या प्रत्येक खात्याला खरं नाव आणि ओळखपत्राचा पुरावा सक्तीचा करा, ही मागणी आपल्याकडे वरचेवर होते आहे. खातं आधारला जोडा म्हणून न्यायालयांत याचिका झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या संयुक्त समितीनं सुचवलं होतं की, पडताळणी न झालेल्या खात्यांवरच्या मजकुरासाठी कंपन्यांनाच प्रकाशक म्हणून जबाबदार धरावं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या ज्या विधेयकावरचा तो अहवाल होता ते पुढच्या वर्षी मागे घेतलं गेलं. मागणी मात्र गेलेली नाही. एखाद्या मुलीला घाणेरडे निरोप आले, कुठे अफवेनं दंगल पेटली, की चहाच्या टपरीपासून वाहिन्यांवरच्या चर्चेपर्यंत एकच वाक्य ऐकू येतं: ‘हे टोपणनावानं लिहिणारे आधी बंद करा.’ माझं म्हणणं त्याच्या नेमकं उलट आहे. हौसेनं लिहिणाऱ्या माणसाला स्वतः निवडलेल्या नावानं स्वतःची ओळख करून देण्याचा हक्क हवा, आणि तो काढून घेतला तर ज्यांचं संरक्षण करायचं म्हणतो त्यांनाच आपण उघड्यावर आणू.

या हक्काला इथे मोठी परंपरा आहे, आणि ती शोभेची नाही. लोकहितवादींची शतपत्रं १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आली. गोपाळ हरि देशमुख हे ब्राह्मण समाजातले, इंग्रजी अमलाखालच्या सरकारी सेवेतले, आणि ती पत्रं त्यांच्याच समाजाच्या रूढींवर कोरडे ओढणारी. ‘लोकहितवादी’ या सहीमुळे मजकूर कमी खरा झाला, असं आज कोणी म्हणत नाही. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा त्यावर नाव होतं विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते एका बाईनं उघडपणे लिहिलं म्हणून महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं. ही विभावरी कोण, याचा शोध लोक घेत राहिले. ती होती बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. पहिल्याच दिवशी पुस्तकावर पूर्ण नाव, पत्ता आणि वडिलांचं नाव छापायची सक्ती असती, तर हे पुस्तक त्या वर्षी आलं असतं का? माझ्या मते नाही. आलं असतं तर घासून गुळगुळीत करून आलं असतं.

राम गणेश गडकऱ्यांचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी सांगावंसं वाटतं. नाटकांवर त्यांचं स्वतःचं नाव, कवितांवर गोविंदाग्रज, विनोदी लेखांवर बाळकराम. चिं. त्र्यं. खानोलकर कादंबरीत खानोलकर राहिले आणि कवितेत आरती प्रभू झाले. या माणसांना काही लपवायचं नव्हतं. एका माणसात दोन-तीन माणसं असतात, प्रत्येकाचा आवाज निराळा असतो, आणि त्या आवाजाला त्याचं स्वतःचं नाव लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. कार्यालयात फायलींवर सही करणारी बाई वेगळी आहे. तिला ताळेबंद जुळवायचा असतो, ती कमी बोलते. पहाटे साडेपाचला माळावर पोटावर झोपून गवताच्या काडीवरचा नाकतोडा बघणारी बाई वेगळी आहे. तिचं नाव तरवड आहे, आणि ते खोटं नाही.

त्याही मागे गेलं तर आपल्या संतांच्या सह्या आहेत. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे. अभंगाच्या शेवटी नाव येतं, आडनाव येत नाही. ज्ञानदेव तर कित्येक अभंगांत स्वतःचं नावही घालत नाहीत, ‘बापरखुमादेवीवरु’ एवढीच त्यांची खूण. उलट सोयराबाई स्वतःला ‘चोखियाची महारी’ म्हणवते. जात लपवत नाही, ती ठणकावून पुढे ठेवते आणि थेट विठ्ठलाला जाब विचारते. ही दोन्ही टोकं मला एकाच हक्काची वाटतात. ज्याला आपलं आडनाव, गाव, जात छातीठोकपणे सांगायची आहे त्यानं जरूर सांगावी. आज कितीतरी जण तसं लिहितात, आणि त्यांच्या लेखनाची ताकद त्यात आहे. पण काय सांगायचं हे लिहिणाऱ्यानं ठरवायचं. तपासनिसानं नव्हे.

आता आडनावाचं बोलू. ‘लपवायचं काही नसेल तर नाव सांगायला काय हरकत आहे’ हा युक्तिवाद ज्या देशात आडनाव म्हणजे नुसता घराण्याचा शिक्का असतो तिथे कदाचित चालत असेल. महाराष्ट्रात चालत नाही, आणि हे आता खुद्द सरकारी यंत्रणेनं मान्य केलेलं आहे. मार्च २०२५ मध्ये, जातीय तणावानं जिल्हा होरपळत असताना, बीडच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवर आडनाव न लिहिता फक्त पहिलं नाव लिहायला सांगितलं. कारण सरळ होतं. तक्रार घेऊन आलेला माणूस पाटी वाचतो आणि हा आपला की परका हे ठरवून मगच खुर्चीत बसतो. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. बारावीच्या परीक्षेचंच बघा. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला पोराचं नाव दिसत नाही, तिथे बैठक क्रमांक आणि बारकोडचं स्टिकर असतं. त्या पोराला आपण लबाड म्हणत नाही. नाव झाकलं की उत्तर नीट वाचलं जातं, हे कळायला आपल्याला कुठल्या परदेशी अभ्यासाची गरज पडली नाही. मग माळावरच्या पाखरांबद्दल लिहिणाऱ्या बाईनं आधी आडनाव का दाखवावं?

बाई म्हणून एक गोष्ट सांगते. मराठीत लिहिताना लपणं फार कठीण आहे. इंग्रजीत एखाद्यानं स्वतःबद्दल शंभर पानं लिहिली तरी तो बाई की बुवा हे कळेलच असं नाही. मराठीत पहिल्याच ओळीला कळतं: मी गेलो, की मी गेले. सुरुवातीची दोन वर्षं मी क्रियापदं जपून वापरत होते. मी पाहिलं, मी ऐकलं, मला दिसलं, मोजली तर सात भरली. गेले, थांबले, बसले, घाबरले ही टाळायची. वर्तमानकाळ तर दूरच ठेवायचा. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याचं लिंग झाकलं जातं, हे शाळेत पाठ केलेलं व्याकरण मला तेव्हा पहिल्यांदा कामी आलं. नावही त्यासाठी सोयीचं होतं. कुणी तो तरवड म्हणतं, कुणी ती.

मग एका जानेवारीत मला लांडगा दिसला. सूर्य नुकता वर आला होता, गवतावर दव होतं, आणि साधारण साठ-सत्तर पावलांवर तो उभा होता, मान वळवून माझ्याकडे बघत. किती वेळ गेला कोण जाणे. घरी येऊन लिहायला घेतलं आणि ‘मी जागच्या जागी थांबले’ या वाक्याशी अडले. ‘पाय थांबले’ असं लिहून वेळ मारून नेता आली असती. पण थांबले होते ती मी, सगळीच्या सगळी. त्या दिवशी पहिल्यांदा मी तसंच लिहिलं.

त्या आठवड्यात आलेल्या निरोपांपैकी लांडग्याबद्दलचे दोन होते. बाकीच्यांना दुसरंच हवं होतं. ताई, एकट्याच जाता का? कुठल्या बाजूला जाता? सोबत कोण असतं? घरचे पाठवतात का? एकानं माझ्या जुन्या फोटोंत दूरवर दिसणाऱ्या पवनचक्क्यांच्या रांगेवरून मी कुठल्या माळावर जाते याचा अंदाज बांधला आणि तो मला कळवला. अंदाज बरोबर होता. धमकी नव्हती, शिवी नव्हती, खाली हसरा चेहरा काढलेला होता. त्याच्या खात्यावर, हे महत्त्वाचं, त्याचं पूर्ण नाव होतं, फोटो होता, नोकरीचं ठिकाण होतं. त्यानंतर चार महिने मी त्या माळावर गेले नाही. त्या हंगामातले पक्षी मी पाहिलेच नाहीत.

माझं पूर्ण नाव तिथे असतं तर काय झालं असतं याचा विचार मी तेव्हा पुष्कळ केला. नाव, आडनाव आणि तालुका एवढं हातात असलं की मतदारयादी उघडायची. त्यात वय असतं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, घर क्रमांक असतो. पवनचक्क्यांवरून माळ शोधणाऱ्याला माझं घर शोधायला एक संध्याकाळ पुरली असती.

पालघरची घटना आठवून पाहा. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल एका तरुणीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं त्या नुसत्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली, आणि जमावानं त्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. त्या मुलींनी काही लपवलं नव्हतं. खऱ्या नावानं लिहिलं होतं. नाव खरं होतं म्हणूनच जमावाला दवाखाना सापडला. त्यांच्यावर लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ हे कलम, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिहिण्याबद्दल शिक्षा सांगणारं, पुढे श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं. ते कलम जायला जवळजवळ अडीच वर्षं लागली, दवाखाना फोडायला किती वेळ लागला असेल?

सक्तीचा प्रयोग दुसऱ्या एका देशात करूनही झालेला आहे. दक्षिण कोरियानं २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांना खऱ्या ओळखीची पडताळणी बंधनकारक केली. हेतू चांगलाच होता, ऑनलाइन छळ थांबवणं. संकेतस्थळांकडे कोट्यवधी लोकांचे ओळख क्रमांक साठले. २०११ मध्ये तिथल्या दोन लोकप्रिय सेवांवर हल्ला होऊन सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, म्हणजे देशातल्या बहुसंख्य लोकांची. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं एकमतानं हा कायदा रद्द केला. शिवीगाळीत म्हणावी तशी घट झाली नाही आणि लोकांच्या बोलण्यावर मात्र दडपण आलं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. गूगलनंही २०११ मध्ये आपल्या गूगल प्लसवर खऱ्या नावाचा आग्रह धरला होता आणि तीन वर्षांनी तो सोडून दिला. आपल्याकडे आधारची माहिती ठिकठिकाणच्या झेरॉक्सच्या दुकानांत पडलेली असते. ती आणखी पन्नास ॲपच्या स्वाधीन करण्याआधी कोरियाचा हा अनुभव कोणी तरी सभागृहात वाचून दाखवायला हवा.

टोपणनावाचा गैरवापर होतो, खूप होतो, हे मी नाकारत नाही. मराठी संकेतस्थळांवर १९९६ पासून, म्हणजे मायबोली सुरू झाली तेव्हापासून, लोक आयडी घेऊन लिहीत आले आहेत, आणि ‘डुआयडी’ हा शब्दही तिथलाच. एकाच माणसानं दोन-चार नावं घ्यायची, एकानं लेख लिहायचा, दुसऱ्यानं वाहवा करायची, तिसऱ्यानं विरोधकाला झोडायचं. मुलींच्या फोटोंवरून खोटी खाती काढली जातात. पैसे घेऊन एका रात्रीत हजार खाती एकाच माणसावर सोडली जातात. ज्यांनी हे भोगलं आहे त्यांचा संताप मला समजतो, कारण त्यातलं थोडं मीही भोगलं आहे. पण यातल्या कुठल्याही गोष्टीला टोपणनाव म्हणत नाहीत. दुसऱ्याचं नाव आणि चेहरा चोरणं ही तोतयेगिरी आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली तोतयेगिरी करून फसवणं आजही गुन्हा आहे. भाड्याची हजार खाती हा धंदा आहे. आणि घाणेरडं लिहिणारे सगळे चेहरा झाकूनच येतात असं तर मुळीच नाही. नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटांत प्रत्येकाचा नंबर सगळ्यांकडे असतो, तरी तिथे काय काय लिहिलं जातं ते आपण रोज वाचतो. नाव लावलं की माणूस लाजतो ही समजूत त्या गटांनी केव्हाच मोडीत काढली आहे.

टोपणनाव आणि निनावीपण यातला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. निनावी माणूस येतो, दगड मारतो, निघून जातो. टोपणनावाचा माणूस राहतो. काही वर्षांपूर्वी मी माळावरच्या एका मादी भोवत्याचा फोटो टाकून तिला माँटेग्यूचा भोवत्या म्हटलं होतं. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात लांबून येतात, संध्याकाळी गवतात एकत्र उतरतात, आणि माँटेग्यू व पांढुरका या दोन जातींच्या माद्या ओळखताना भले भले चुकतात. एका जाणत्यानं लिहिलं की मानेभोवतीचा फिकट पट्टा बघा, ही पांढुरक्याची मादी आहे. मी तो फोटो मोठा करून रात्री अकरापर्यंत बघत बसले. ते बरोबर होते. दुसऱ्या दिवशी मूळ लेख तसाच ठेवून वर लिहिलं: माझी ओळख चुकली, ही चूक अशी झाली. त्या दुरुस्तीखाली तरवडच आहे. माझं आडनाव कोणाला ठाऊक नाही, पण मी कुठे कुठे चुकले ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मी जे लिहिते त्यावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवायला वाचकाला त्याचाच उपयोग होतो. आधार क्रमांक दाखवून तो पक्षी बरोबर ओळखला गेला नसता.

शिवाय टोपणनाव म्हणजे कायद्यापासून सुटका नव्हे. मी ज्या मोबाइलवरून लिहिते त्याचं सिमकार्ड माझ्या ओळखपत्रावर आहे. मी गुन्हा केला तर पोलीस रीतसर कंपनीकडे माहिती मागू शकतात आणि माझ्या दारात येऊ शकतात. यायलाही हवेत. पण त्यासाठी गुन्हा नोंदवावा लागतो, कारण लिहावं लागतं, कागद पुढे सरकावा लागतो. पवनचक्क्या शोधणाऱ्या माणसाला आणि सरकारी तपासाला एकच दार उघडून देऊ नका, एवढंच मागणं आहे. पूर्वी वर्तमानपत्राच्या वाचकपत्रांत हेच चालायचं. नाव छापायचं नसलं तरी संपादकाला पूर्ण नाव-पत्ता कळवावा लागे आणि तो संपादक जपून ठेवी. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतही मोठ्या समाजमाध्यमांनी वापरणाऱ्याला स्वतःची ओळख पडताळून घ्यायची सोय द्यावी असं आहे, पण ती स्वेच्छेनं. हा ‘स्वेच्छेनं’ शब्द जपायला हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, त्या निकालाच्या प्रकाशात तर नक्कीच.

त्याच नियमांत तक्रार अधिकारी नेमणं, चोवीस तासांत तक्रारीची पोच देणं, पंधरा दिवसांत (फेब्रुवारी २०२६ पासून सात दिवसांत) ती निकाली काढणं, आणि एखाद्याचे खासगी अवस्थेतले फोटो टाकले गेले तर तक्रारीपासून चोवीस तासांत (फेब्रुवारी २०२६ पासून दोन तासांत) ते काढणं हेही आहे. सगळा जोर इथे लावायला हवा. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं तिच्या फोटोच्या गैरवापराची तक्रार केली, तेव्हा तिला उत्तर आलं इंग्रजीत, ठोकळेबाज, आणि तिच्या तक्रारीशी संबंध नसलेलं. पोलीस ठाण्यात गेली तर ‘खातं बंद करून टाक ना’ असा सल्ला मिळाला. मराठीत तक्रार वाचणारी माणसं कंपन्यांकडे हवीत, तालुक्याच्या ठाण्यात सायबर गुन्ह्याची तक्रार लिहून घेता येणारी एक तरी व्यक्ती हवी. यातलं काहीच न करता सगळ्यांची ओळखपत्रं गोळा करणं म्हणजे चोर सापडत नाही म्हणून गावच्या सगळ्या घरांची कुलपं काढून घेण्यासारखं आहे.

टोपणनाव कुठे चालू नये, याबद्दलही मी स्पष्ट आहे. जो शेअर घ्या-विका सांगतो, औषध सुचवतो, मालाची जाहिरात पैसे घेऊन करतो, त्यानं स्वतःचं नाव आणि पात्रता सांगितलीच पाहिजे. वाचकाचा पैसा आणि जीव त्याच्या शब्दावर टांगलेला असतो. सत्तेच्या पदावर बसलेल्यानं दुसऱ्या नावाआडून बोलू नये. आणि एखाद्या हयात माणसावर नाव घेऊन आरोप करायचा असेल, तर सहसा तो स्वतःच्या नावानं करावा. सहसा म्हणते, कारण वरिष्ठाच्या त्रासाबद्दल बोलणाऱ्या कनिष्ठ बाईला मी हा नियम सांगणार नाही. पण पाखरं, पाककृती, जुन्या बारवा, सायकलचे प्रवास, वाचलेली पुस्तकं, आजीच्या ओव्या यांबद्दल हौसेनं लिहिणाऱ्याकडे ओळखपत्र मागायला कोणतंच कारण मला दिसत नाही. मराठीत इंटरनेटवर जे लिहिलं जातं त्यातलं कितीतरी चांगलं या हौशी लोकांनी, कुणी न सांगता, स्वतःचा वेळ घालून लिहिलेलं आहे. त्यातल्या अनेक जणी सून आहेत, अनेक जण सरकारी वर्तणूक नियमांखाली आहेत, कितीतरी जणांना आडनाव वाचून होणारं कौतुक आणि होणारा तिरस्कार दोन्ही नको आहे. सक्ती आली की हे लोक भांडत बसणार नाहीत. ते लिहायचं थांबवतील आणि ते थांबले हेसुद्धा कोणाला कळणार नाही.

त्या निवृत्त शिक्षकांना मी दोन दिवसांनी उत्तर लिहिलं. त्यांच्या लहानपणी धाविक किती दिसायचे, कुठल्या महिन्यात दिसायचे, तेव्हा माळावर ज्वारी होती की नुसतं गवत, असे सात प्रश्न विचारले. त्यांचं चार पानी उत्तर आलं, हातानं लिहून फोटो काढून पाठवलेलं. त्यात आडनावाचा विषय पुन्हा नव्हता. त्या पानांमुळे आमच्या भागातल्या माळाचं साठ वर्षांपूर्वीचं चित्र मला मिळालं. त्यांच्या परवानगीनं मी ते छापलं, आणि खाली कोणतं नाव घालू असं विचारलं, तर त्यांनी थोडा विचार करून कळवलं, ‘एक जुना गुराखी.’

या जूनमध्ये शेजारच्या तालुक्यातल्या एका मुलीनं विचारलं आहे. बारावी झाली आहे, शेततळ्यावर येणाऱ्या बगळ्यांबद्दल तिला लिहायचं आहे, घरी चालणार नाही. तिचे दोन प्रश्न होते: नाव कोणतं घेऊ, आणि मी गेले लिहू की गेलो? नाव तू निवड, मी तिला कळवलं, फक्त दुसऱ्या कोणाचं घेऊ नकोस आणि एकदा घेतलं की सोडू नकोस. फोटोत घर, शाळा, पाण्याची टाकी दिसू देऊ नकोस. आणि गेलो लिहू नकोस. गेले लिहावंसं वाटेल तोवर मी पाहिलं, मी मोजलं, मला दिसलं एवढ्यावर चालव. बगळ्यांचं पुष्कळ त्यात मावतं.